तासावर मिळणारे यंत्र : मुंबईच्या उपनगरांतील नेटवर्किंगच्या अभ्यासाचा इतिहास

मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड या स्थानकांच्या परिसरात, विद्यापीठाच्या पदवीशी थेट संबंध नसलेल्या पण नोकरीच्या बाजारात पदवीइतक्याच चालणाऱ्या प्रमाणपत्रांसाठी अभ्यास करण्याची परंपरा अनेक दशकांची आहे. टंकलेखनाच्या शासकीय परीक्षेपासून सुरू झालेल्या या परंपरेतील सर्वांत अवघड टप्पा म्हणजे सिस्को या अमेरिकी कंपनीची सीसीआयई, म्हणजे ‘सिस्को सर्टिफाइड इंटरनेटवर्क एक्स्पर्ट’, ही परीक्षा होय. संगणकांची जाळी एकमेकांना जोडणारी राउटर व स्विच ही यंत्रे दिलेल्या अटींनुसार आठ तासांत चालू करून दाखवणे असे तिचे बराच काळ स्वरूप होते. या परंपरेचा इतिहास बहुधा अभ्यासक्रमांच्या क्रमाने मांडला जातो आणि त्यामुळे टंकलेखन, संगणक व नेटवर्किंग हे तीन वेगळे धंदे वाटतात. त्यांना जोडणारा धागा अभ्यासक्रमाबाहेरचा आहे : शिकणाऱ्याच्या घरी नसलेले, त्याला विकत घेणे न परवडणारे यंत्र त्याला तासाच्या हिशेबाने कोण उपलब्ध करून देतो, या प्रश्नाभोवतीच तिन्ही धंदे उभे राहिले.

अंधेरी व घाटकोपर ही गावे १९५० मध्ये आणि बोरिवली व मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईच्या हद्दीत आली. याच काळात विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याने भारतीय बनावटीचा पहिला टंकलेखक बाजारात आणला. ते वर्ष १९५५ होते. कारकुनी नोकरी करणारा आणि रोज लोकलने दक्षिण मुंबईत जाणारा वर्ग गिरगाव-दादरहून उत्तरेकडे सरकत गेला, आणि त्याच्या मागोमाग स्थानकाजवळच्या इमारतींत पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर टायपिंगचे क्लास सुरू झाले. मिनिटाला तीस किंवा चाळीस शब्द या वेगाची शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण होणे हे सरकारी कचेरीत शिरण्याचे साधन होते, परंतु यंत्र घरी घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे मॅट्रिक झालेला मुलगा किंवा मुलगी रोज ठरलेला एक तास क्लासच्या यंत्रावर ‘हात बसवायला’ जात असे. क्लासचालकाची मिळकत त्याच्या विद्वत्तेवर फारशी अवलंबून नव्हती. त्याच्याकडे यंत्रे किती आहेत, सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत ती किती तास रिकामी राहत नाहीत आणि फिती व सुटे भाग वेळेवर मिळतात की नाही, यावर ती ठरत असे. यंत्र मोजके, शिकणारे पुष्कळ आणि म्हणून वेळेच्या बॅचेस, ही रचना पुढे जशीच्या तशी संगणकाकडे आली.

संगणकाच्या शिक्षणाचा धंदा १९८० च्या दशकात उभा राहिला. एनआयआयटीची स्थापना १९८१ मध्ये दिल्लीत आणि अ‍ॅप्टेकची १९८६ मध्ये मुंबईत झाली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या संस्थांची, तसेच त्यांचे अनुकरण करणाऱ्या लहानमोठ्या स्थानिक संस्थांची केंद्रे पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या जवळपास प्रत्येक उपनगरी स्थानकाबाहेर दिसू लागली. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणि १९६५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाने मिळून १९९० मध्ये ‘ओ’, ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशा चढत्या पातळ्यांची परीक्षायोजना सुरू केली, ती खाजगी क्लासमध्ये शिकलेल्यांना सरकारमान्य प्रमाणपत्र मिळावे म्हणून. मागणीचे उगमस्थान दूर नव्हते. अंधेरी पूर्वेला मरोळजवळ १९७३ मध्ये सुरू झालेल्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांबरोबर सॉफ्टवेअर कंपन्याही आल्या होत्या, आणि त्यांच्या जाहिरातींत पदवीपुढे कंसात अनुभव मागितला जात असे. अनुभव म्हणजे यंत्रावर घालवलेले तास, आणि ते नोकरी मिळण्याआधी क्लासखेरीज कुठेच मिळत नसत.

तथापि यांतील बहुतेक केंद्रांतील संगणक एकटे होते. एखाद्या केंद्रात नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर प्रणालीने दहा-बारा संगणक एकाच खोलीत जोडलेले असत आणि नॉव्हेलची स्वतःची ‘सीएनई’ ही प्रमाणपत्र परीक्षा देणारे काही जण त्यावर सराव करीत, पण एका जाळ्याला दुसरे जाळे जोडणे, म्हणजे आजच्या अर्थाने इंटरनेटवर्किंग, हा विषय सामान्य विद्यार्थ्याला पाहायलाही मिळत नव्हता. विलक्षण गोष्ट अशी की नेमके हेच काम देशात सर्वांत आधी ज्या मोजक्या ठिकाणी चालू झाले त्यांतील दोन ठिकाणे याच उपनगरांत होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून निघालेले आणि १९८५ मध्ये स्वतंत्र झालेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, डॉ. एस. रमाणी यांच्या नेतृत्वाखाली जुहूला काम करीत होते, आणि पवईला आयआयटी होतीच. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये हाती घेतलेल्या अर्नेट या शैक्षणिक व संशोधन संस्थांच्या जाळ्याच्या प्रकल्पात एनसीएसटी, पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि इलेक्ट्रॉनिक्स विभाग हे भागीदार होते. जुहू आणि पवई यांच्यामध्ये साध्या टेलिफोन तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली, लवकरच परदेशाशी जोडणारे प्रवेशद्वारही जुहूलाच उभे राहिले, आणि भारताचे ‘.इन’ हे नाव १९८९ पासून पुढची अनेक वर्षे याच केंद्राने सांभाळले. एनसीएसटीने नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी ‘कॉम्पिटन्स इन सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ ही परीक्षाही घेतली, जी घरी बसून अभ्यास करून देता येई आणि जिचा दर्जा खाजगी पदविकांपेक्षा निर्विवाद वरचा होता. परंतु त्या परीक्षेचा भर संगणकशास्त्रावर होता. अर्नेटच्या राउटरांना हात लावणे हे संशोधकांचेच काम राहिले. जुहूच्या त्या इमारतीपासून अंधेरी स्थानकाच्या क्लासपर्यंतचे अंतर दोन-तीन किलोमीटरचे असले तरी ज्ञान तेवढे अंतर चालून गेले नाही. ते पुढे दूरच्या वळशाने, कॅलिफोर्नियातून, प्रमाणपत्राच्या रूपाने आले.

परिस्थिती बदलली ती १९९४ ते १९९८ या चार-पाच वर्षांत. राष्ट्रीय शेअर बाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये समभागांचे व्यवहार उपग्रहाधारित जाळ्यावरून सुरू केले आणि घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील दलालांच्या कचेऱ्यांवर व्हीसॅटच्या तबकड्या बसू लागल्या. व्हीसॅट म्हणजे उपग्रहाशी थेट बोलणारे लहान आकाराचे भूस्थानक. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, आणि नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने खाजगी कंपन्यांना ही सेवा देण्याची मुभा मिळाली. बँकांच्या शाखा, शेअर दलाल, इंटरनेट पुरवणाऱ्या नव्या कंपन्या, त्यांच्यामागून मालाड-गोरेगावची कॉल सेंटरे, या सर्वांना राउटर बसवणारी, चालू ठेवणारी आणि मध्यरात्री बंद पडला तर सुरू करणारी माणसे हवी होती. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या तत्कालीन अभ्यासक्रमात संगणकजाळे हा विषय सैद्धांतिक होता : विद्यार्थी सात थरांच्या ओएसआय प्रतिमानाची आकृती बिनचूक काढू शके, पण राउटरला पत्ता कसा द्यायचा हे त्याने कधी केलेले नसे.

सिस्कोने सीसीआयई ही परीक्षा १९९३ मध्ये सुरू केली होती. प्रमाणपत्रांचे क्रमांक १०२४ पासून, म्हणजे दोनाच्या दहाव्या घातापासून, मोजायचे ठरले. तो पहिला क्रमांक प्रयोगशाळेलाच देण्यात आला, १०२५ हा परीक्षा रचणाऱ्या स्टुअर्ट बिग्ज यांना मिळाला आणि १०२६ हा क्रमांक मिळवणारे टेरी स्लॅटरी हे कंपनीबाहेरचे पहिले उत्तीर्ण ठरले. संगणकतज्ज्ञांची ही थट्टा पुढे मोठी प्रतिष्ठेची बाब झाली, कारण क्रमांक आयुष्यभर तोच राहतो आणि तो व्हिजिटिंग कार्डावर छापला जातो. आरंभी प्रात्यक्षिक दोन दिवसांचे होते : उमेदवाराने आधी जाळे उभारायचे, मग परीक्षकाने त्यात मुद्दाम बिघाड करून ठेवायचे आणि उमेदवाराने ते शोधायचे. ऑक्टोबर २००१ पासून ते एका दिवसाचे, आठ तासांचे झाले. खालच्या पायऱ्या, म्हणजे सीसीएनए आणि सीसीएनपी, १९९८ मध्ये आल्या. त्यांची बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा शहरातच संगणकावर देता येई, आणि म्हणून उपनगरांतील क्लासांचा खरा व्यवसाय या दोन पायऱ्यांवर चालला. सीसीआयई मात्र क्लासची पत ठरवणारी परीक्षा होती. ज्या क्लासमध्ये शिकवणाऱ्याच्या नावापुढे चार किंवा पाच आकडी क्रमांक असे, तिथे सीसीएनएचे विद्यार्थीही जास्त येत.

या क्लासांतील ‘रॅक’ जवळून पाहण्यासारखा आहे. माणसाच्या उंचीच्या लोखंडी सांगाड्यावर सहा-आठ राउटर आणि दोन ते चार स्विच एकाखाली एक बसवलेले असत, आणि ते बहुधा परदेशात वापरून काढून टाकलेले, भंगाराच्या किंवा जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांमार्फत आलेले असत. लॅमिंग्टन रोडचा बाजार अशा मालासाठी ठाऊक होता. सिस्कोच्या २५०० मालिकेचे राउटर त्यांत पुष्कळ असत. त्यांतील २५०१ या नमुन्याला मागे दोन सिरियल पोर्ट असतात. खऱ्या जगात त्या पोर्टला टेलिफोन कंपनीची लाइन जोडली जाते आणि बिट कोणत्या गतीने पाठवायचे याची ताल-सूचना त्या बाजूने येते. क्लासमध्ये लाइन नसल्यामुळे दोन राउटर थेट केबलने जोडावे लागत आणि केबलच्या ज्या टोकाला ‘डीसीई’ म्हणतात त्या बाजूच्या राउटरला ‘क्लॉक रेट’ ही आज्ञा देऊन टेलिफोन कंपनीची भूमिका करायला लावावी लागे. ही एक ओळ विसरल्यामुळे पहिल्याच आठवड्यात सगळी बॅच अडकून पडणे हा नित्याचा अनुभव होता. एक राउटर फ्रेम रिले स्विच म्हणून, म्हणजे अनेक कचेऱ्यांना जोडणाऱ्या टेलिफोन कंपनीच्या यंत्राची नक्कल करण्यासाठी, खर्ची पडे. आणखी एक, बहुधा २५०९ किंवा २५११, टर्मिनल सर्व्हर म्हणून बसवला जाई. त्याच्यातून निघालेल्या आठ तोंडांच्या केबलने तो उरलेल्या सर्व यंत्रांच्या कन्सोलला, म्हणजे देखभालीच्या खिडकीला, जोडलेला असे, आणि त्यामुळे विद्यार्थ्याला जागेवरून न उठता कोणत्याही यंत्रावर जाता येई.

टर्मिनल सर्व्हरने या धंद्याचे स्वरूपच बदलले असे म्हणण्यास हरकत नाही. रॅकशेजारी बसण्याची गरज संपल्यावर तो रॅक इंटरनेटवरून भाड्याने देता येऊ लागला, आणि क्लासचालकाने पहाटे दोन ते सहाचा, एरवी वाया जाणारा, वेळही विकायला काढला. तो वेळ घेणारे गिऱ्हाईक तयारच होते. डेटा सेंटर किंवा टेलिकॉम कंपनीच्या नियंत्रणकक्षात रात्रपाळी करणारा अभियंता, अलार्म शांत असेपर्यंत, कचेरीच्या जोडणीवरून क्लासच्या रॅकवर सराव करीत असे. टायपिंगच्या क्लासात यंत्र दिवसाचे पंधरा तास कामात असले तरी पुष्कळ मानले जाई. इथे ते चोवीस तास चालू लागले.

परीक्षेची अवघडता कशात होती हे एका नेहमीच्या प्रश्नावरून कळते. जाळ्याच्या एका भागात आरआयपी आणि दुसऱ्या भागात ओएसपीएफ हा नियमसंच चालू आहे असे समजू. दोन्ही नियमसंचांचे काम एकच, कोणता पत्ता कोणत्या वाटेने गाठायचा हे राउटरांनी एकमेकांना सांगणे. या दोन भागांच्या सीमेवर दोन राउटर आहेत आणि दोघांनीही एका भागातील माहिती दुसऱ्या भागात द्यायची आहे. सिस्कोच्या राउटरमध्ये प्रत्येक नियमसंचाला विश्वासार्हतेचा आकडा असतो, आणि तो जितका लहान तितका भरवसा जास्त : ओएसपीएफचा ११०, आरआयपीचा १२०. पहिल्या सीमा-राउटरने आरआयपीकडचा पत्ता ओएसपीएफमध्ये सांगितला की तो फिरून दुसऱ्या सीमा-राउटरकडे पोचतो, आणि शेजारच्या आरआयपीकडून तोच पत्ता थेट कळलेला असूनही ११० हा आकडा लहान म्हणून तो लांबची वाट खरी मानतो. मग तीच वाट तो आरआयपीकडे परत सांगतो, आणि सांगताना अंतराचा आकडा कमी ठेवला गेला असेल तर माहितीची पॅकेट दोघांमध्ये गोल फिरत राहतात. उपाय ठाऊक असतात : पहिल्याने पत्त्यावर टॅगची खूण लावायची आणि दुसऱ्याने ती खूण ओळखून तो पत्ता नाकारायचा, किंवा विश्वासार्हतेचा आकडाच बदलायचा. पण प्रश्नपत्रिकेत दोष कोठे आहे हे लिहिलेले नसते, अमुक आज्ञा वापरू नये अशी अट असते, आणि ही चूक दुपारी लक्षात आली तर सकाळचे काम पुन्हा उकलावे लागते. जेफ डॉयल यांचा १९९८ मधील ‘राउटिंग टीसीपी/आयपी’ हा ग्रंथ सर्वांनी वाचलेला असे. नापास होणारे बहुतेक वाचनात कमी पडलेले नसत, त्यांचे हात कमी पडलेले असत. या बाबतीत टंकलेखनाच्या परीक्षेची ही वंशज शोभते.

अभ्यासाचा काळ साधारण एक ते दोन वर्षांचा, आणि तो नोकरी सांभाळून. बोरिवलीहून अंधेरीला, मुलुंडहून घाटकोपरला असे आठवड्याचे दोन दिवस, शनिवार-रविवार, क्लासला जायचे आणि उरलेले दिवस रात्री रॅक घ्यायचा, ही सर्वसाधारण पद्धत होती. एका खोलीच्या घरात रात्री दिवा चालू ठेवणे अवघड असल्यामुळे पुष्कळांनी कचेरीतच मुक्काम ठोकला. प्रात्यक्षिक परीक्षा मुंबईत कधीच नव्हती; ब्रुसेल्स, सिडनी, दुबई अशी जगभरची निवडक केंद्रे होती, त्यांत भारतात बंगळूर. उद्यान एक्स्प्रेसने सुमारे चोवीस तासांचा प्रवास, परीक्षेच्या आदल्या दिवशी पोचून घेतलेली लॉजची खोली आणि २०१५ नंतरच्या काळात १,६०० डॉलर, म्हणजे लाख रुपयांच्या वर शुल्क, एवढे पदरचे घालून गेलेला उमेदवार पहिल्या खेपेत परत आला तर दुसऱ्या खेपेसाठी पुन्हा पैसे साठवी. उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आखातातील नोकरी पकडली. त्यामुळे क्लासांना शिक्षकांचा तुटवडा कायम राहिला, कारण जो शिकवण्याइतका तयार झाला त्याला इथे राहण्याचे फारसे कारण उरत नसे.

ऑगस्ट २००५ मध्ये फ्रान्समधील क्रिस्तोफ फियो यांनी ‘डायनामिप्स’ हे सॉफ्टवेअर लिहायला घेतले, आणि सिस्कोचा ७२०० मालिकेचा राउटर साध्या संगणकाच्या स्मृतीत चालू लागला. काही वर्षांत त्याला जीएनएस३ या नावाचे चित्रमय आवरण मिळाले. प्रत्येक आभासी राउटर रिकामा बसलेला असतानाही संगणकाचा प्रोसेसर पूर्ण वापरत राही, आणि तो शांत करण्यासाठी ‘आयडल-पीसी’ नावाचा आकडा हुडकून द्यावा लागे; हा आकडा कसा काढायचा हे त्या काळी क्लासमध्ये पहिल्या दिवशी शिकवत. राउटरच्या आत चालणारी आयओएस ही प्रणाली सिस्कोच्या मालकीची असल्यामुळे तिच्या प्रती परवान्याविना पेनड्राइव्हवरून हातोहात फिरल्या, हे नोंदवणे भाग आहे. रॅकचा धंदा मात्र लगेच बसला नाही, आणि त्याचे कारण तांत्रिक होते : राउटरचे काम मुख्यतः सर्वसाधारण प्रोसेसर करतो म्हणून त्याची नक्कल जमली, तर कॅटॅलिस्ट ३५६० सारख्या स्विचचे काम खास घडवलेल्या चिपवर होते आणि तिची नक्कल डायनामिप्सला करता येईना. परिणामी २००७ ते २०१३ या काळात क्लासांनी राउटर विकून टाकले, चार स्विच ठेवले, आणि ते एका संगणकातील आभासी राउटरांना जोडून रॅक निम्म्या जागेत बसवला. सिस्कोने जून २०१४ मध्ये परीक्षेची पाचवी आवृत्ती आणली, तिच्यातून फ्रेम रिले काढून टाकले, परीक्षेतील यंत्रेही आभासी केली आणि त्याच वर्षाअखेरीस सरावाचे आभासी सॉफ्टवेअर स्वतःच विकायला काढले. तेव्हा त्या स्विचांचाही उपयोग सरला.

यंत्र घरी आले, आणि नेमके तेव्हा क्लासकडे विकायला काय उरले हा प्रश्न उभा राहिला. काहींनी शिकवण्याचा दर्जा वाढवला. काहींनी सोपा मार्ग धरला : परीक्षेत येऊन गेलेल्या प्रश्नांचे आराखडे उत्तरांसह, ‘डंप’ या नावाने, विकणे. हा प्रकार उपनगरांपुरता नव्हता, भारतापुरताही नव्हता. सिस्कोने त्यावर बंदी घालून सापडलेल्यांची प्रमाणपत्रे रद्द केली, तरी तो थांबला नाही. ज्या परीक्षेची सारी मातब्बरी हाताच्या कसबावर होती तिच्यात घोकंपट्टी शिरली याचा फटका प्रामाणिक उमेदवारांना बसला, कारण नोकरीच्या मुलाखतीत क्रमांक सांगितल्यावरही समोरचा फळ्यावर जाळे काढून दाखवायला लावू लागला. क्रमांकाचे मोल घसरल्याची याहून स्पष्ट खूण दुसरी नाही.

दरम्यान उपनगरांचा भूगोलही पालटत होता. गोरेगावच्या निरलॉन कारखान्याच्या जागेवर माहिती-तंत्रज्ञानाचे संकुल उभे राहिले, विक्रोळी आणि चांदिवलीत डेटा सेंटरे आली, आणि खंडाखंडांतून येणाऱ्या समुद्रतळाच्या केबली वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उतरू लागल्या. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोने पूर्व आणि पश्चिम उपनगरांतील अंतर वीस-बावीस मिनिटांवर आणले. घाटकोपरच्या विद्यार्थ्याला अंधेरीचा क्लास एकदम जवळ झाला, पण तेव्हा क्लासला जाण्याची निकड ओसरू लागली होती.

सिस्कोने २४ फेब्रुवारी २०२० रोजी आपली सर्व प्रमाणपत्रे नव्याने बांधली. सीसीआयईचे आठ तास तीन तासांची रचना-परीक्षा आणि पाच तासांची उभारणी व दुरुस्ती असे विभागले गेले, नूतनीकरणाची मुदत दोन वर्षांवरून तीन वर्षांवर गेली, आणि यंत्रांना एकेक आज्ञा देण्याऐवजी पायथन भाषेतील लहान प्रोग्रामने शेकडो यंत्रे एकदम हाताळण्याचे कौशल्य अभ्यासक्रमात आले. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागल्याने उरलेले क्लास पडद्यावर गेले, आणि त्यांतील काही परत स्थानकाजवळच्या गाळ्यांत आलेच नाहीत. जे आले त्यांच्या पाट्यांवर आता राउटिंगच्या बरोबरीने क्लाउड आणि ऑटोमेशन लिहिलेले असते. तिथे तासाच्या हिशेबाने मिळते ते शिक्षकाचे लक्ष. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेसाठी गाडी मात्र अजूनही बंगळूरचीच पकडावी लागते.